फुकट मुंबईची वही

१

शुक्रवारी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतला नव्हता, तोच आमच्या महिला मंडळातली साक्षी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, वही गेली."

कोणती वही, हे विचारायची गरज नव्हती. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या पुढे डांबर संपतं तिथून चढावर आमची वाडी, आणि या वाडीत वही म्हणजे एकच. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, अरविंदभाऊंच्या अक्षरातली. अरविंदभाऊ एकतीस वर्षं मुंबईत कारखान्यात होते. खिशाला हात न लावता मुंबईत काय काय बघता येतं, ते सगळं त्यांनी तिच्यात लिहून ठेवलं होतं. बाणगंगेच्या पायऱ्या, मरीन ड्राइव्हचा कठडा, जहांगीरमधली चित्रं, ससून गोदीतली पहाटेची मासळी, दादरची चैत्यभूमी आणि तिथली चौपाटी. पाणी कुठे प्यायला मिळतं, सावलीला कुठे टेकता येतं, कुठला वॉचमन डाफरतो, हेसुद्धा. वाडीतली पोरं नोकरीला निघाली की आधी ती वही वाचून जात.

आणि आता तीच गेली होती. पुढच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची सहल होती. बावीस बायका, एसटीला अर्धं तिकीट, दोन रात्री मुक्काम शिवडीतल्या वाडीच्या खोलीवर, बाकी सगळं वहीप्रमाणे फुकट. शहात्तर वर्षांच्या जानकीबाईंना तर एसटीसुद्धा फुकट. त्यांनी महाडच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही. गाठोडं मात्र त्यांनी गेल्याच आठवड्यात बांधून ठेवलं होतं. पुरुष मंडळींना ही सहल पहिल्यापासून खुपत होती. रविवारच्या बैठकीत वही समोर नसली, तर "वहीशिवाय अरविंदलाही आता काय आठवणार? वाट कोण दाखवणार?" एवढं म्हणून ते सहल मोडणार, यात मला शंका नव्हती. त्यांना निमित्तच हवं होतं.

मी साक्षीला म्हटलं, तू पानांचे फोटो काढणार होतीस ना? महिनाभर "उद्या काढते" चाललं होतं. तिने मान खाली घातली. नशीब एवढंच की पहिल्या सहा जागा मी माझ्या रजिस्टरात उतरवून घेतल्या होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर तेहेतीस वर्षं शिकवलं. कुडपणला, पाचाडला, शेवटी इथे. चोर पकडायचं शिक्षण मला कुणी दिलेलं नाही, पण परीक्षेतली कॉपी मी लांबून ओळखते. त्यामुळे वाडीत काही हरवलं की सगळे माझ्याच दाराशी येतात, आणि माझा चहा गार होतो.

समाजमंदिरातलं लोखंडी कपाट मी स्वतः पाहिलं. कुलूप शाबूत. सतरंज्या, कप, माइक जागच्या जागी. वही ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची ती पिशवी नीट घडी घालून ठेवलेली. चोरी केली ती केली, वर घडी घातली, याचा मला जास्त राग आला. कपाटाची किल्ली साक्षीच्या घरी दारामागच्या खिळ्याला असते. मंगळवारच्या सभेत अरविंदभाऊंनी सगळ्यांच्या पुढे चालायचं ठरलं, त्यानंतरही वही जागेवर होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर किल्ली तिघांनी नेली होती. मुरारीने कप ठेवायला, आम्रपालीने सतरंजी काढायला आणि खुद्द अरविंदभाऊंनी माइकची वायर बघायला.

"आणखी कुणी आलं होतं घरी?"

साक्षी घुटमळली. मग म्हणाली, "बुधवारी किशोर आला होता. पाणी प्यायला."

२

किशोर म्हणजे पोलादपूरच्या स्टँडसमोर गाडी लावणारा. त्याच्याकडे सतरा सीटची गाडी आहे आणि तिच्यावर 'मुंबई दर्शन' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. फुकट मुंबई दाखवणाऱ्या वहीचा राग कुणाला येणार असेल, तर त्याला. मला वाटलं, दुपारपर्यंत प्रकरण मिटेल.

एसटी पाऊण तास उशिरा आली. उन्हात उभं राहून माझं डोकं तापलं होतं. किशोरने मात्र खुर्ची दिली, उसाचा रस मागवला. मी सरळच विचारलं.

"मॅडम, तुमच्या लेडीज माझ्या गाडीत बसनारच नव्हत्या," तो म्हणाला. "ज्याला फुकट पायजे तो माझा कस्टमर नाय. टेन्शन कशाला घेऊ?"

साक्षीच्या घरी गेला होता ते त्याने लपवलं नाही. वाडीत कुणाला तरी सोडायला आला होता, ओट्यावर बसून पाणी प्यायला, साक्षीची आई समोरच तांदूळ निवडत होती. पुढे मी तिला विचारलं, तेव्हा तिनेही तेच सांगितलं. शिवाय सहल ठरून महिना झाला होता. ती मोडायची असती, तर किशोर महिनाभर गप्प कशाला बसला असता? बायकांनी अजून गाठोडीही बांधली नव्हती, तेव्हाच त्याने हात मारला असता. मी त्याच्या नावावर काट मारली.

मी उठले, तेव्हा तो आपणहूनच कुरकुरला. गेल्या वर्षी त्याने अरविंदभाऊंना विचारलं होतं, की माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसा, जेवणखाण माझं, लोकांना फक्त मुंबई दाखवा. दोनदा विचारलं. दोनदा ते नाही म्हणाले.

"एवढी मुंबई पाठ हाय त्यांना," किशोर म्हणाला. "आनि फुकट फिरायला नको? आपल्याला काय समजलं नाय."

मलाही समजलं नाही. मी ते म्हातारपणाचा हेका समजून सोडून दिलं, आणि परतीच्या एसटीसाठी पुन्हा तासभर उभी राहिले.

३

मुरारी अंगणात काथ्या वळत बसला होता. तो आणि अरविंदभाऊ शिवडीच्या त्याच खोलीत राहायचे. वाडीचे अकरा जण एका खोलीत, ज्याची पाळी असेल तो निजायचा, बाकीचे कामावर. मुरारी एका कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. त्याला त्या वहीचं नाव काढलेलं आवडत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"चालून चालून आमी मेलो, नि नाव त्याचं झालं," तो म्हणाला. "रविवारी फिरून आलो की पाय धुवायच्या आदी हा वही घिऊन समोर. बस म्हनायचा, च्या घे म्हनायचा, नि लिवायला लागायचा. कंटाळा नाय त्याला."

मी विचारलं, वही तू नेलीस का. तो चिडला नाही, हसला. वाचता येत नाय बाई, म्हणाला, ती वही चोरून मी काय तिच्यात भजी बांधू? मग ससून गोदीची आठवण निघाली आणि माणूस एकदम खुलला. तिथली ताजी कोळंबी, बर्फाचा वास, कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीचा वास. माझी वीस मिनिटं वासातच गेली. मी रजिस्टर मिटलं.

उरली आम्रपाली, अरविंदभाऊंची बायको. ती गोठ्यात होती. "बसा, आलेच," म्हणाली आणि अर्धा तास आली नाही. घरात समोर एकच गोष्ट बघण्यासारखी होती, भिंतीवरचं मोठं घड्याळ. अरविंदभाऊ निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने दिलेलं. खाली पितळेच्या पट्टीवर कोरलेलं होतं : बॉयलर विभाग, एकतीस वर्षांत रविवारच्या सफाईला एकदाही गैरहजर न राहिल्याबद्दल. मी ती पट्टी तीनदा वाचली. मला दिसले ते फक्त काटे. सव्वापाचाचे पावणेसहा झाले.

आम्रपाली हात पुसत आली. वही गेल्याचं तिला कळलं होतं.

"बरं झालं गेली," ती म्हणाली. "माज्या हाताला लागली असती तर मीच चुलीत घातली असती."

बावीस बायकांच्या यादीत हिचं नाव नव्हतं, हे मला आधीपासून खटकत होतं. नवरा पुढे चालणार आणि बायको घरी. कारण विचारलं, तर म्हणाली, त्यांनी बघितलीय ना मुंबई, पुरे झालं. आणि उठून चुलीपुढे गेली.

घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हिनेच नेली. का, ते मात्र काही केल्या सुचत नव्हतं. आणि कारण सांगता येत नसेल, तर मी वर्गात कुणाला उभं केलेलं नाही.

४

शनिवारी जानकीबाई आल्या. वहीचं काय झालं ते विचारायला नव्हे, तर मुंबईच्या वाळूत चपला घालायच्या की हातात घ्यायच्या, ते विचारायला. मला त्यांच्याकडे बघवेना. उद्याच्या बैठकीत या बाईचं गाठोडं सोडायला लागणार, आणि मी दोन दिवस एसटीची वाट बघण्यात आणि लोकांच्या अंगणात बसण्यात घालवले. स्वतःचाच इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

त्या गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. निदान सहा जागा तरी चांगल्या अक्षरात लिहून बैठकीत ठेवू, म्हटलं. लिहिताना चौथ्या जागेशी अडखळले. मरीन ड्राइव्ह. 'समुद्र कायम उजव्या हाताला राहतो, वाट चुकायची भीती नाही.' मी पान उलटलं. सहावी जागा, गिरगाव चौपाटी. तिथे लिहिलं होतं, 'त्याच रस्त्याने यावे, समुद्र कायम डाव्या हाताला.'

उतरवून घेतानाही मी हे पाहिलं होतं आणि घाईत लिहिलं असेल म्हणून सोडलं होतं. आता पेन खाली ठेवलं. चौपाटीकडून निघालं तर समुद्र उजव्या हाताला असेल आणि चौपाटीकडे येताना डाव्या, इतपत भूगोल मीही शिकवलाय. चूक कशातच नव्हती. पण जो माणूस त्या रस्त्याने एकदा जाऊन परत आलाय, तो 'कायम' असं लिहीलच कसा?

मग मी सहाही पानं पुन्हा वाचली, या वेळी पेपर तपासते तशी. बाणगंगेच्या पानावर नुसत्या पायऱ्या, किती आणि किती उंच, गुडघे कुठे दुखतात. ससून गोदीच्या पानावर कोळंबी, बर्फ, पावाची भट्टी. गेटवेच्या पानावर फक्त बोटींचे रंग. दादरच्या पानावर आकडे, किती पावलं, किती मिनिटं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर वार लिहिलेला, आणि सगळीकडे तो एकच. रविवार.

अक्षर एकाचं होतं, डोळे मात्र चौघापाचांचे. एकच मुलगा एका पेपरात चार जणांसारखं लिहायला लागला, तर त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

आम्रपाली नव्हेच. मी चप्पल घातली आणि निघाले.

५

अरविंदभाऊ घरामागे पेंढ्याची उडवी रचत होते. मला बघून खाली उतरले, "जय भीम, बाई" म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. एवढं काय होतं त्या वहीत?"

तीस वर्षं जपलेली वही हरवली आणि माणूस जाऊ द्या म्हणतो, हे साक्षीनेही मला सांगितलं होतं आणि कानामागे टाकलं होतं.

"अरविंदभाऊ," मी म्हटलं, "मरीन ड्राइव्हला समुद्र कुठल्या हाताला आहे?"

त्यांनी अंगावरची कुसळं झटकली. मग हळूच म्हणाले, "वहीत हाय."

"वहीत दोन्ही हातांना आहे."

ते पेंढ्यावर बसले. मला वाईट वाटलं, पण दोन दिवसांचा वैताग साठलेला होता, मी थांबले नाही. एकेक सांगत गेले. वहीतला प्रत्येक दिवस रविवार, आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ सांगतं, की एकतीस वर्षांत तुम्ही एकही रविवार बॉयलर सोडला नाही. कारखाना बंद असतो तेव्हाच बॉयलर थंड करून आतून घासायचा, ते काम तुमचं. मुरारीची मंडळी फिरून यायची, तेव्हा तुम्ही वही घेऊन खोलीत. कोळंबीचं पान मुरारीच्या नाकाने लिहिलेलं आहे, काल मी ते त्याच्या तोंडून शब्दाला शब्द ऐकलं. किशोर तुम्हाला फुकट मुंबई फिरवायला तयार होता, तुम्ही दोनदा नाही म्हणालात.

"आणि वही कधी गेली ते बघा," मी म्हटलं. "सहल ठरून महिना झाला, तेव्हा ती कपाटात सुखात होती. मंगळवारी जानकीबाई म्हणाल्या, वहीचं काय करायचं, अरविंदाच पुढं चालंल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गेली. वहीची भीती कुणालाच नव्हती, अरविंदभाऊ. तुम्ही सोबत चालायची भीती होती, आणि ती एकट्या तुम्हाला."

त्यांनी नाही म्हटलं नाही. हातातली पेंढी सोडली, पुन्हा बांधली. मग बोलले, ते माझ्याकडे न बघता.

लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात आम्रपालीने विचारलं होतं, समुद्र बघितला का. तेव्हा ते दर रविवारी बॉयलरच्या पोटात शिरून घासत होते. ते तिला लिहिण्यासारखं वाटलं नाही. तिला काळजी लागली असती, आणि नवरा भुयारात काम करतो म्हणून वाडीत चर्चा झाली असती. त्या रविवारी मुरारी चौपाटीवरून आला होता. त्याला विचारून त्यांनी लिहिलं, बघितला. पुढच्या पत्रात तिने आणखी विचारलं. मग वहीच केली. सुट्टी सोमवारी, त्या दिवशी खोलीचं पाणी आणि अकरा जणांचं जेवण त्यांच्याकडे. रविवारचा जादा पगार दोन मुलींच्या शिक्षणाला जायचा. या सोमवारी जाऊ, पुढच्या जाऊ, असं करता करता निवृत्तीचा दिवस आला.

"मी समुद्र बघितलेला नाय, बाई," ते म्हणाले. "शिवडीला राहून. बाकी लोक हसतील, हसू दे. हिला कळलं तर? तीस वर्षं हिला खोटं लिवलंय मी."

वही घरात तांदळाच्या पिंपामागे होती. त्यांनी ती आणून माझ्या हातात दिली. मी ती घेतली नाही. म्हटलं, उद्या बैठकीत तुम्हीच आणा. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही बोलणार नाही.

६

रविवारी दुपारी समाजमंदिर भरलं. अपेक्षेप्रमाणे दोघा-तिघांनी सुरुवातच केली, वही नाही, वाट माहीत नाही, म्हाताऱ्या बायकांना घेऊन कुठे हरवत बसणार. अरविंदभाऊ मागे दाराशी होते. वही त्यांच्या शर्टाखाली होती, पुठ्ठ्याचा निळा कोपरा मला दिसत होता, आणि ते उठत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनातून त्यांना शिव्या देत होते. सहल मोडायला दोन वाक्यं बाकी होती.

तेवढ्यात जानकीबाई उठल्या. कुणाशी काही न बोलता दाराकडे चालायला लागल्या. कुणीतरी विचारलं, कुठे निघालात. गाठोडं सोडायला, त्या म्हणाल्या.

तेव्हा अरविंदभाऊ उभे राहिले. वही काढून त्यांनी जानकीबाईंच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं, मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. मुरारीचं नाव घेतलं, बाकी खोलीवाल्यांचीही घेतली, त्यातले दोघं आता हयात नाहीत. म्हणाले, वही खरी हाय, ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलंय. फक्त मी बघितलेलं नाय.

कुणी हसलं नाही. मुरारीने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. सगळ्यांच्या नजरा आम्रपालीवर गेल्या. ती बायकांच्या ओळीत शेवटी बसली होती. ती उठून नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे तुमी रविवारी बॉयलर घासत होता?" तिने विचारलं.

"व्हय."

"सगळ्या रविवारी?"

त्यांनी मान हलवली.

"मी हितं चिखलात भात लावायची," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोन पोरी पदरात, सासू अंथरुणाला. रविवार आला की मनात म्हनायची, हा बघा, तिकडं समुद्रावर वारा खातोय. पत्र आलं की वाचायची नि चुलीत घालायची. रजेवर यायचात तेव्हा नीट बोलले नाय मी तुमच्याशी. रिटायर होऊन आलात तरी नाय बोलले. येवढी वर्सं तुमच्यावर राग धरून बसले. आता तो राग मी कुनावर काढू, सांगा."

चोर पकडून मी काय मिळवलं, असं मला तेव्हा वाटून गेलं.

जानकीबाई अजून दाराशीच होत्या. त्यांनी वही काखेत मारली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

"राग यष्टीत काढ गो," त्या आम्रपालीला म्हणाल्या. "पाच-सा तास बसायचं हाय. शेजारच्या सीटवर बसव त्याला."

मी रजिस्टर उघडलं आणि आम्रपालीचं नाव लिहिलं, तिला न विचारता. तिने ते वाकून वाचलं, आणि खोडायला सांगितलं नाही.